सामाईक गणकयंत्राची कथा

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण प्रज्ञावंतांची नावे आदराने घेतो. परंतु त्यांची आकडेमोड कोणत्या साधनावर झाली आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे सहसा विचारीत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन व त्यांचे तरुण सहकारी यांनी स्वतः आखलेले गणकयंत्र १९६० साली पूर्णपणे चालू झाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. पण अशी यंत्रे लवकर जुनी होतात. १९६४ साली याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हे परदेशी बनावटीचे, कितीतरी अधिक वेगवान यंत्र आले आणि देशभरच्या संशोधकांना ते खुले झाले. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे घेऊन मंडळी तेथे येत. प्रत्येक विद्यापीठाला असे यंत्र घेणे कोठून परवडणार? गावाने मिळून विहीर बांधावी, तसाच हा व्यवहार होता.

पुढे अतिवेगवान यंत्रांच्या विक्रीवर अमेरिकेने कडक निर्बंध घातले. तेव्हा भारत सरकारने १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकाच प्रचंड यंत्राऐवजी अनेक लहान प्रक्रियकांत काम वाटून द्यावयाचे, ही त्यामागील युक्ती.

२०१५ साली सरकारने राष्ट्रीय महासंगणक अभियानासाठी सात वर्षांकरिता ४५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीतूनच २०१९ साली वाराणसीच्या तंत्रशिक्षणसंस्थेत ‘परम शिवाय’ उभा राहिला.

एवढा पैसा यंत्रावर का घालावा, ही शंका रास्त आहे. खरेदीबरोबर खर्च संपत नाही. वीज, शीतनव्यवस्था आणि जाणकार माणसे यांची तरतूद वर्षानुवर्षे करावी लागते. ती नसेल तर यंत्र शोभेची वस्तू ठरते. आणि यंत्राचा वेळ मोजक्या मोठ्या संस्थांनीच वाटून घेतला, तर ‘सामाईक’ हा शब्द पोकळ होतो. विहीर बांधणे हे अर्धेच काम. दूरच्या लहान महाविद्यालयातील संशोधकाचा पोहरा तिच्या पाण्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे हे उरलेले अर्धे होय.