मूल कोणाचे, श्रद्धा कोणाची?

माझा जन्म जुन्नरचा. पोटापाण्यासाठी घोडेगावला आलो आणि आंबेगाव तालुक्याचाच झालो. घर ख्रिस्ती. गेल्या वर्षी मुलीला मुलगा झाला. जावई हिंदू. बारसे त्यांच्या घरी झाले, पाळण्याची दोरी मीही धरली. महिनाभराने मुलीने विचारले, "पप्पा, याचा बाप्तिस्मा करायचा का?" मला उत्तर सुचेना. जुनी पुस्तके चाळण्याचा नाद असल्यामुळे मी तिकडे वळलो.

हा प्रश्न महाराष्ट्रात गाजला तो १८४३ साली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता, पण तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. मात्र परत आलेल्या श्रीपतला जात घेईना, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला पंक्तीत घ्यावे, अशी बाजू 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मिशनरी, बाप, कोर्ट आणि जात या चौघांनी श्रीपतच्या धर्माविषयी आपापले म्हणणे मांडले. श्रीपतचे म्हणणे मात्र या वादात मागेच राहिले.

त्याच शतकात आमच्या जुन्नरलाही चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. अशा प्रत्येक ठाण्याच्या शाळेत मूल घालताना आईबापांच्या मनात श्रीपतचीच भीती असणार.

पुढे कायदा बदलत गेला. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने पालक नेमताना मुलाचे हित पाहावे, त्याचे वय, लिंग आणि धर्म विचारात घ्यावा असे सांगितले. समजत्या वयाच्या मुलाची पसंतीही कोर्टाला विचारात घेता येऊ लागली. श्रीपतनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने मुलाला तोंड फुटले ते असे.

या कायद्यानंतर पाचच वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू हिंदू नातलगांत राहिले. बापाचा हक्क सांगून टिळकांनी कोर्टाची पायरी चढल्याचे 'स्मृतिचित्रां'त कोठे नाही. त्यांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली. लक्ष्मीबाई पुढे मुलाला घेऊन नगरला आल्या, तरी आपले सोवळे सांभाळून होत्या. जातिभेदाविषयी स्वतःच्या मनाशी झगडून त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हाच दत्तू म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक. आईच्या आठवणी पुस्तकरूपाने वाचकांपुढे येण्यात त्यांचाच हात होता.

मुलांवर श्रद्धेचे संस्कार झाले ते कोर्टाबाहेर. अमेरिकन मिशनने १८७३ मध्ये 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक काढले. विलायती चालींच्या गीतांच्या जोडीला टिळकांनी अभंग आणि भजने दिली. आमच्या आईला शुभवर्तमानातले अध्याय पाठ नव्हते, पण चुलीपुढे बसून ती टिळकांची भजने गुणगुणायची. माझी शब्बाथशाळा तिथेच सुरू झाली.

आमच्या मंडळीच्या रीतीतही या प्रश्नाला जागा ठेवलेली आहे. तान्ह्याचा बाप्तिस्मा होतो तेव्हा वचन आईबाप आणि धर्मपालक देतात. जाणत्या वयात दृढीकरण होते, तेव्हा तेच वचन मुलाला स्वतःच्या तोंडाने द्यावे लागते. म्हणजे आईबापांचा शब्द उसना आहे, हे खुद्द चर्चलाही मान्य आहे. माझे दृढीकरण जुन्नरला झाले तेव्हा मी 'होय' म्हटले ते शेजारचा मुलगा म्हणाला म्हणून. ते 'होय' खरे व्हायला पुढची वीस वर्षे लागली.

मुलीला मी सांगितले, "तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. बाप्तिस्मा झाला तर मी आनंदाने उभा राहीन, नाही झाला तर त्याला गाणी शिकवीन. पण त्याच्या आजी-आजोबांपासून काही लपवून करू नका." जावयाने फक्त मान डोलावली. निर्णय अजून झालेला नाही.

या नाताळात नातू आमच्याकडे असेल. दारावर चांदणी लागेल. दिवाळीचा आकाशकंदील तिकडच्या आजीने आधीच लावून ठेवला आहे.