ठासणीपासून काडतुसापर्यंत : चांदा वनप्रदेशातील शस्त्रेतिहासाचा एक पैलू

चांदा जिल्ह्यातील १८५८ च्या उठावाचे नेते बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी देण्यात आली. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीत दारू व शिशाची गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासली जाई. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने गोळी चुलीवरही ओतता येई.

रिव्हॉल्व्हरच्या धातूच्या काडतुसाने ही स्थिती पालटली. बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकून फिरते चक्र अडू नये, म्हणून पुंगळीचा काठ गोळीभोवती आवळला जातो. अशी एकसारखी काडतुसे मोठ्या संख्येने बनविणे हे कारखान्याचेच काम होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला; १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याचे बंधन घातले. अर्थात, नियंत्रण कायद्याइतकेच तंत्रामुळेही शक्य झाले.

१९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या गडचिरोलीत ठासणीची ‘भरमार’ एकविसाव्या शतकातही आढळत राहिली. हे केवळ मागासलेपणाचे लक्षण मानणे अपुरे ठरते. कारखान्याच्या काडतुसावाचून चालणारे शस्त्र म्हणूनच ती टिकली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.