भुकेचा निरोप

फराळाचे ताट पुढे आले, की घरातल्या जाड माणसाकडे सगळ्यांचे डोळे वळतात. त्याने तिसऱ्या करंजीला हात घातला, की कोणी तरी, बहुधा आत्याच, "जिभेला जरा लगाम घाल रे," असे म्हणतेच. मीही एकदा भर वर्गात एका जाड मुलाला 'खादाड' म्हटले होते. वर्ग हसला, तोही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुटीत त्याने डबा उघडणे सोडले. त्या डब्याची टोचणी मनात होती, म्हणूनच पुढची उंदरांची हकीगत मी दोनदा वाचली.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, समुद्रकाठी बार हार्बर हे गाव आहे. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत संशोधनासाठी उंदीर पाळतात. १९४७ च्या वणव्यात ती बहुतेक जळून गेली. पूर्वी तिने ज्यांना उंदीर दिले होते, त्या ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांनी त्यांची पिलावळ परत पाठवली आणि मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, तेथे एक विलक्षण उंदीर जन्मला. तो खायचा थांबेचना! त्याचा वाण भावंडांच्या तिप्पट वजनाचा होई. पुढे १९६५ च्या सुमारास दुसराही एक लठ्ठ वाण निघाला. त्याला मधुमेहही होता.

डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने मग एक प्रयोग केला. दोन उंदीर कुशीला कूस लावून असे शिवले, की एकाचे रक्त दुसऱ्यात जावे. (वाचताना अंगावर काटा येतो, हे कबूल करतो.) मधुमेही लठ्ठ उंदराशी साधा उंदीर जोडला, तेव्हा साध्याने अन्नच टाकले आणि तो उपाशी मेला, लठ्ठ मात्र खातच राहिला. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्याशी जोडला, तर त्याचे खाणे कमी झाले. दोन्ही लठ्ठ एकमेकांना जोडले, तेव्हा पहिल्या वाणाचा उंदीर भुकेने गेला. कोलमनने ताडले, की 'पोट भरले' असा निरोप रक्तातून जात असला पाहिजे. एकाला तो धाडता येत नाही, दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. हे पुष्कळांना पटले नाही. लठ्ठपणा हा मनाचा दुबळेपणा, अशीच सर्वांची समजूत होती, माझीही होती.

निरोप्या सापडायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी तो शोधला. तो चरबीच्या पेशींतूनच निघतो. 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. आता लठ्ठपणा संपला, असे लोकांना वाटले. इंग्लंडमध्ये आठ वर्षांची, ८६ किलो वजनाची एक मुलगी होती. तिच्या अंगात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. ते टोचताच तिची अनिवार भूक शमली आणि वर्षभरात वजन सोळा किलोंनी उतरले. पण अशी माणसे अगदी विरळा. बाकीच्या लठ्ठांच्या रक्तात लेप्टिन उलट जास्तच असते, हे १९९६ मध्ये दिसून आले. निरोप मोठ्याने दिला जातो, ऐकणारा कान बधिर असतो.

इन्शुलिनची गोष्टही याच वळणाची. काही मधुमेही माणसांच्या शरीराला इन्शुलिनची दादच लागत नाही, हे लंडनच्या हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवले. १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्शुलिन मोजण्याची युक्ती काढली. मग १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी सांगितले, की लठ्ठ नसलेल्या आणि साखर अगदी बेताची असलेल्या माणसांतही सुमारे चौघांत एकाचे शरीर इन्शुलिनला असेच बधिर असते. स्वादुपिंड जादा इन्शुलिन ओतून वेळ निभावून नेते, म्हणून तपासणीचा कागद स्वच्छ येतो. घरात कुणाला शंकाही येत नाही.

आणि येथे गोष्ट पुण्याला येते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. चरबी मात्र लंडनकराच्या अंगात ९.१ टक्के, पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के!

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायकांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी चालवली. बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू लहान, चरबी मात्र फारशी घटलेली नाही. पुण्यातल्या बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, तर वजनाच्या मानाने इन्शुलिन आणि लेप्टिन दोन्ही अधिक. म्हणजे पहिली करंजी तोंडात पडण्याच्या कितीतरी आधी!

त्या आयांचे वजन गरोदरपणापूर्वी सरासरी ४२ किलोंच्या आसपास होते. शेतात राबणाऱ्या बायका त्या. त्यांना कोण खादाड म्हणेल? त्यांची मुले अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा ती बहुतेक सडपातळच होती, आणि तरीही कित्येकांची साखर चढणीला लागलेली होती.