सांगकाम्यांचा हिशेब : विकिपीडियावरील स्वयंचलित कामांवर देखरेख कशी चालते?

कोणालाही लिहिता व सुधारता येईल असा ज्ञानकोश, ही विकिपीडियाची सर्वपरिचित ओळख. मात्र या ज्ञानकोशातील असंख्य बदल माणसे स्वहस्ते करीत नाहीत. ठरवून दिलेले काम न थकता पार पाडणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या ते करतात. इंग्रजीत त्यांना ‘बॉट’ म्हणतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने त्यांना ‘सांगकाम्या’ असे चपखल नाव दिले आहे. सांगितले तेवढेच करायचे, स्वतःची बुद्धी चालवायची नाही, हा सांगकाम्याचा स्वभाव. आणि याच स्वभावामुळे त्याच्या कामाची चोख नोंद ठेवावी लागते. माणूस एखादी चूक एका पानावर करतो. सांगकाम्या तीच चूक हजारो पानांवर करून मोकळा होतो.

कामांचे स्वरूप

सांगकाम्यांचे सामर्थ्य प्रथम ठळकपणे दिसले ते २००२ मध्ये. ‘रॅमबॉट’ या आज्ञावलीने अमेरिकेच्या जनगणनेतील माहितीच्या आधारे तेथील गावे व शहरांवरील सुमारे ३० हजार लेख इंग्रजी विकिपीडियावर तयार केले. पुढे ‘एलएसजेबॉट’ने स्वीडिश, तसेच फिलिपिन्समधील सेबुआनो व वाराय या भाषांत लक्षावधी लेखांची भर घातली. सेबुआनो विकिपीडियात आज ६० लाखांहून अधिक लेख आहेत आणि त्यांतील बहुतेक या एकाच सांगकाम्याचे आहेत.

तथापि, सांगकाम्यांची बहुतांश कामे किरकोळ आणि कंटाळवाणी असतात. चर्चेत सही करण्यास विसरलेल्या सदस्याचे नाव जोडणे, बंद पडलेल्या दुव्यांच्या जागी जतन केलेल्या प्रतींचे दुवे देणे, लेखांतील खोडसाळ मजकूर पुसणे अशी ही कामे आहेत. खोडसाळपणा ओळखणारा ‘क्लूबॉट एनजी’ २०१० पासून इंग्रजी विकिपीडियावर कार्यरत आहे. त्याने चुकून चांगले संपादन उलटवले, तर तक्रार नोंदविण्याची स्वतंत्र सोय आहे.

आधी परवानगी, मग काम

इंग्रजी विकिपीडियावर सांगकाम्या चालविण्यासाठी आधी जाहीर अर्ज करावा लागतो. काम कोणते, किती पानांवर, किती वेगाने आणि जबाबदार कोण, हे त्यात सांगावे लागते. अनुभवी सदस्यांचा मान्यता गट अर्ज तपासतो आणि साधारणपणे मोजक्या संपादनांची चाचणी घेण्यास सांगतो. चाचणीतील बदल कोणालाही पाहता येतात व त्यांवर आक्षेप घेता येतो. मान्यता सांगकाम्याला सरसकट मिळत नाही, ती त्या विशिष्ट कामाला मिळते. नवे काम हाती घ्यायचे तर पुन्हा अर्ज करावा लागतो.

सांगकाम्याचे खाते चालकाच्या खात्याहून वेगळे असते. तातडी नसलेल्या कामात दहा सेकंदांना एक संपादन एवढाच वेग ठेवावा, असा दंडक आहे. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या माणसाच्या देखरेखीविना करण्यास सांगकाम्याला मनाई आहे. कारण मराठी वाचकाला सहज पटेल. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे सारेच शब्द शुद्ध आहेत. कोठे कोणता योग्य, हे संदर्भ जाणणाराच सांगू शकतो.

खूण आणि लगाम

मान्यता मिळालेल्या खात्याला ‘बॉट’ ही विशेष खूण दिली जाते. ‘अलीकडील बदल’ या यादीत अशी संपादने एरवी दडवलेली असतात, अन्यथा माणसांची संपादने त्या गर्दीत हरवून जातील. पण पाहणाऱ्याने ठरवले तर ती यादीत आणता येतात. प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात कायम राहत असल्याने तो उलटवताही येतो. सांगकाम्या भरकटला तर प्रचालक त्याला तत्काळ रोखू शकतात. चर्चा पानावर संदेश येताच आपोआप थांबणारे सांगकामेही आहेत. झालेले नुकसान निस्तरण्याची जबाबदारी मात्र चालकाचीच.

एक चूक, अनेक भाषा

देखरेखीअभावी काय घडते, याचा धडा आंतरभाषिक दुव्यांनी दिला. एकाच विषयावरील निरनिराळ्या भाषांतील लेख परस्परांना जोडण्याचे काम पूर्वी सांगकामे करीत. कोणी चुकीचा दुवा जोडला की सांगकामे तोच दुवा निष्ठेने इतर भाषांत पोहोचवीत. एका भाषेत केलेली दुरुस्ती दुसऱ्या भाषेतील जुन्या चुकीमुळे पुन्हा पुसली जाई. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘विकिडेटा’ सुरू झाला आणि २०१३ मध्ये हे दुवे तेथे एकत्र ठेवण्यात आले. त्यानंतर या सांगकाम्यांचे ते कामच संपले.

२००१ ते २०१० या काळातील संपादनांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्रजी विकिपीडियावर दहा वर्षांत एका सांगकाम्याने इतर सांगकाम्यांची संपादने सरासरी १०५ वेळा उलटविली. माणसांत हेच प्रमाण सरासरी ३ होते. ‘सांगकाम्यांचे युद्ध’ म्हणून या आकड्यांची चर्चा झाली. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. त्यांना यातील बहुतेक प्रकार नित्याच्या देखभालीचे आढळले. उदाहरणार्थ, पानाचे नाव बदलले की त्याकडे नेणारी जुनी वाटही बदलावी लागते. असा निवाडा होऊ शकला, तो प्रत्येक संपादनाची नोंद शिल्लक होती म्हणूनच.

चालक निघून गेला तर?

विकिपीडियाचे काम स्वेच्छेचे आहे. चालक कधी कंटाळतो, कधी निघून जातो. त्याची आज्ञावली मात्र चालतच राहू शकते, किंवा एखादे आवश्यक काम गुपचूप बंद पडू शकते. म्हणून सांगकाम्या आणि त्याचा चालक दोघेही दोन वर्षे निष्क्रिय राहिले, तर इंग्रजी विकिपीडियावर ती मान्यता काढून घेतली जाते.

वाचकालाही ही तपासणी करता येते. लेखाचा ‘इतिहास’ उघडावा, शंकास्पद बदलापुढील नाव पाहावे आणि ते सांगकाम्याचे असल्यास त्याच्या पानावर चालकाचा शोध घ्यावा. सांगकाम्याला विचार करता येत नाही. त्याच्या वतीने उत्तर देणारा माणूस सापडला पाहिजे, एवढ्यासाठीच ही नोंदवही आहे.