दहशतवादी हल्ले आणि प्रवास (गारखेडा परिसर)

दहशतवादी हल्ल्यानंतर लोकांच्या प्रवासाची ठिकाणे, साधने आणि वेळा यांत होणारा बदल. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण भागातील गारखेड्याला तो दोन्ही बाजूंनी जाणवतो: येथील कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत उत्तरेकडे सहलीला जातात, आणि वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे याच शहरात उतरतात.

22 एप्रिल 2025 रोजी काश्मीरमधील पहलगामजवळच्या बैसरण कुरणावर दहशतवादी हल्ल्यात 26 जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक होते आणि एक काश्मिरी घोडेवालाही. परीक्षा आटोपून सहलींचा हंगाम सुरू होण्याची ती वेळ. काश्मीरची बुकिंगे धडाधड रद्द झाली, अडकलेल्यांना आणण्यासाठी राज्य सरकारने खास विमानांची सोय केली आणि जम्मू-काश्मीर प्रशासनाने 87 पैकी 48 पर्यटनस्थळे बंद केली. 7 मे रोजी भारताची पाकिस्तानातील दहशतवादी तळांवरची लष्करी कारवाई, ऑपरेशन सिंदूर, झाली. त्यानंतर उत्तर व पश्चिम भारतातील 32 विमानतळ 12 मेपर्यंत नागरी वाहतुकीला बंद होते. त्यामुळे त्या उन्हाळ्यात न गेलेले सगळेच घाबरले होते असे म्हणणे चूक ठरेल. अनेकांना वाटच उरली नव्हती.

सहल टाळता येते, नोकरी टाळता येत नाही. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, तरी दुसऱ्या दिवशी लोकल धावत होत्या आणि लोक त्यांत चढत होते. याला मुंबईचे धैर्य म्हटले गेले. धैर्य होतेच; पण खाडा परवडत नसलेल्यांची लाचारीही त्यात होती, आणि ती झाकणे त्यांच्यावर अन्याय आहे.

भीतीपोटी निवडलेला पर्याय अधिक घातक असू शकतो. 11 सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतील विमानहल्ल्यांनंतर अनेक अमेरिकनांनी विमान सोडून मोटार धरली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजाने पुढील वर्षभरात तेथील रस्त्यांवर सुमारे 1,500 जादा बळी गेले. माद्रिदमध्ये मात्र 2004 च्या रेल्वे स्फोटांनंतर आगगाडीचे प्रवासी घटले तरी रस्त्यावरची वाहतूक वाढली नाही.

हल्ल्याची झळ दूरवर पोचते. 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरील हल्ला परदेशी पर्यटकांच्या ऐन हंगामात झाला, आणि अजिंठ्याकडे येणारे बरेच परदेशी पाहुणे मुंबईमार्गेच येतात. भारतात आलेले परदेशी पर्यटक 2008 मधील सुमारे 52.8 लाखांवरून 2009 मध्ये 51.7 लाखांवर आले. त्यात जागतिक मंदीचाही वाटा होता. देशाच्या हिशेबात ही घट किरकोळ. लेण्यांवरचे गाईड, टॅक्सीवाले आणि हिमरू कापडाचे दुकानदार यांचा संसार मात्र हिवाळ्याच्या या मोजक्या महिन्यांवर चालतो. मोठ्या हॉटेलाच्या हाती निदान आगाऊ रक्कम असते. टॅक्सीवाल्याला गिऱ्हाईक गाडीत बसले तरच पैसे मिळतात.