जात्यावरचा एकांत : बहिणाबाईंना स्वतःची ओळख कशी सापडली?

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो आणि रस्ते माणसांनी भरून जातात. वारकरी परंपरेची ही गर्दीची बाजू सगळ्यांना माहीत आहे. तिची दुसरी बाजू म्हणजे एकांत. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज चिंतनाला बसत. पण ज्यांना डोंगरावर जाऊन बसायची सवडच नव्हती, त्यांचं काय? याचं उत्तर पिंप्राळ्यापासून काही किलोमीटरवरच्या आसोद्याच्या लेकीकडे मिळतं.

बहिणाबाई कोण होत्या?

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली आसोद्याच्या महाजन कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. वयाच्या तिशीतच वैधव्य आलं. पदरात मुलं, अंगावर शेतीची आणि घरची कामं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. (तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या. त्या सतराव्या शतकातल्या.)

कामातला एकांत

पहाटे घर झोपलेलं असताना बायका दळायला बसत. हात जात्याच्या खुंट्यावर, मन मात्र मोकळं. जात्याच्या घरघरीत ओवी म्हटली की ती ऐकायला बहुतेक वेळा कुणी नसे. जे चारचौघांत बोलता येत नाही, ते तिथे बोलता येई. बहिणाबाईंची गाणी अशीच घरात आणि शेतात काम करता करता, लेवा गणबोलीत, तोंडी जन्मली.

या एकांतात त्यांनी स्वतःच्या मनाकडे रोखून पाहिलं. मनाला त्यांनी पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. वैधव्यावरच्या गाण्यात त्यांना कीव नको आहे. ज्योतिषालाही त्या दारातून परत पाठवतात. कारण नशीब हातावरच्या रेषांत नाही, कष्टात आहे, असं त्यांचं मत होतं.

मग श्रद्धेचं काय?

ज्योतिष नाकारणाऱ्या बहिणाबाई देव मात्र नाकारत नाहीत. जमिनीतून वर येणारा कोंब, सुगरणीचा खोपा, शेतातलं धान्य यांत त्यांना देव दिसतो. गाणी सुचतात ती सरस्वतीच्या कृपेनं, असं त्या मानत. ही श्रद्धा पोथीतून आलेली नव्हती. रोज पाहिलेल्या गोष्टींतून ती घडली होती.

गाणी वाचली कशी?

त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि नातलगांनी काही गाणी उतरवून घेतली. बाकीची हवेत विरली. बहिणाबाईंचं निधन 3 डिसेंबर 1951 रोजी झालं. सोपानदेवांनी दाखवलेली वही आचार्य अत्र्यांना फार आवडली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. पुस्तक पाहायला बहिणाबाई नव्हत्या. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

एकांत आणि एकटेपणा

खानदेशातच आणखी एक उदाहरण आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तिथे एकांत लादलेला होता, बहिणाबाईंच्या वाट्याला आलेलं एकटेपणही लादलेलंच होतं. एकटेपणा परिस्थितीनं येतो. त्यात माणूस स्वतःशी बोलू लागला, की त्याचा एकांत होतो. त्यासाठी डोंगर लागतोच असं नाही, पहाटेचं जातंही पुरतं.