नजरअंदाज आणि अंतिम आकडा

बुलढाणा जिल्ह्यात पुढचे सांगण्याच्या दोन रीती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी आरंभिली असे मानल्या जाणाऱ्या घटमांडणीत, अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात अठरा धान्यांचे वर्तुळ मांडतात, मध्यभागी ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत झालेला फेरबदल पाहून पाऊस, पीक व राज्यकारभार यांचे वर्षभराचे भाकीत जाहीर होते. दुसरी रीत महसुली दप्तरातली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, या हिशेबाने चालणारी आणेवारी नाणी बदलल्यावर पैसेवारी झाली. विदर्भात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर व अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते, आणि ती ५० पैशांच्या खाली उतरली म्हणजे टंचाईच्या सवलतींचा प्रश्न उभा राहतो.

या दोहोंतला खरा भेद श्रद्धा आणि सरकार यांच्यातला नसून दुरुस्तीचा आहे. घटमांडणीचे भाकीत एकदाच उच्चारले जाते. पैसेवारीचा पहिला अंदाज मात्र पुढे बदलण्यासाठीच बांधलेला असतो, आणि त्याला पीककापणीच्या प्रत्यक्ष वजनासमोर उभे राहावे लागते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे वजन किती उतरेल व किती काळ उतरलेले राहील, हे सांगण्याच्या विद्येचा इतिहासही या दुसऱ्या रीतीचाच आहे.

१९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाओ इटो यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया लठ्ठपणासाठी प्रथम केली, तेव्हा वजन उतरते एवढेच दिसत होते. ते टिकते काय, याचे उत्तर काळाच्या हाती होते. ते उत्तर १९८७ पासून स्वीडनमध्ये लार्स शेस्ट्रेम यांनी चालविलेल्या दीर्घ अभ्यासाने दिले. जठरवळसा केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत घटले, पण दहाव्या वर्षी ही घट २५ टक्के उरली; जठराभोवती पट्टा बसविलेल्यांची घट २० टक्क्यांवरून १४ वर आली. पहिल्या वर्षाचा आनंद हा नजरअंदाज होय, अंतिम आकडा नव्हे. घटलेले वजन शरीर परत मागते, भूक वाढवून व ऊर्जेचा खर्च आखडून, आणि हा तगादा वर्षानुवर्षे चालू राहतो.

पुढे फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी २०२३ साली संगणकी पद्धतीने एक अंदाजपत्रक सिद्ध केले. उंची, वजन, वय, शस्त्रक्रियेचा प्रकार, मधुमेह, त्याचा कालावधी आणि धूम्रपान एवढ्या सात बाबींवरून ते पाच वर्षांपर्यंतची वाटचाल सांगते. दहा देशांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यासाठी वापरल्या गेल्या, आणि तरीही पाचव्या वर्षी सांगितलेला व प्रत्यक्ष देहभार निर्देशांक (बीएमआय) यांत मध्यम मानाने सुमारे २.८ एककांचे अंतर राहिले. हे अंतर कर्त्यांनी स्वतःच छापून दिले, यातच त्या विद्येची प्रतिष्ठा आहे.

परदेशी अंदाजपत्रक आपल्या रुग्णास जसेच्या तसे लावण्यात मात्र धोका आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले व ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांचे उदाहरण प्रसिद्ध केले: दोघांचाही निर्देशांक २२.३, पण देहातील चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. अधिक चरबीचा देह भारतीयाचा होता. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा उंबरठा २७.५ वर आणला गेला.

आपल्या भूमीचे अंदाज आपल्याच नोंदींवर बांधले पाहिजेत. म्हणून खामगाव-मेहकरकडून मोठ्या शहरी जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्या रुग्णाने पहिल्या वर्षाच्या यशावर तपासणी सोडू नये. दरसाल वजन नोंदवावे, आणि वैद्याने एकच आकडा न सांगता त्याच्या चुकीची मर्यादाही सांगावी. अशा नोंदींची वही ज्याच्यापाशी नाही, त्याच्या भाकितावर विसंबू नये.